रानातला कॅमेरा (लेखांक ९) : चित्त्याची मादी, तिची पिल्लं आणि आपली गाडी

गेल्या आठवड्यात सिंहांच्या कळपाबद्दल लिहिताना एक फरक मुद्दाम राखून ठेवला होता. सिंह दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो. आपली गाडी शेजारी येऊन थांबली तरी त्याच्या पोटापाण्यात फारसा खंड पडत नाही. चित्ता मात्र शिकार करतो ती मुख्यतः उजेडात, डोळ्यांच्या भरवशावर, उघड्या माळावर. सिंह आणि तरस त्याच्या तोंडचा घास सहज हिसकावून घेतात, म्हणून ते सुस्तावलेले असताना तो आपलं काम उरकतो. सकाळची आणि संध्याकाळची तिरपी उन्हं आपल्याला फोटोसाठी हवी असतात, त्याला शिकारीसाठी. पिल्लांची आई समोर असेल तर आपण तिच्या ऐन कामाच्या वेळी तिथे पोचलेले असतो, हे धरूनच पुढचं सगळं ठरवायला हवं.

ही आई एकटी असते. नर पिल्लांकडे फिरकत नाही आणि सिंहिणींसारखा बहिणी-मावश्यांचा आधारही नसतो. तीन-चार, कधी पाच-सहा पिल्लं होतात. पहिले सहा-आठ आठवडे ती गवतात किंवा झुडपात लपलेली असतात. आई दर थोड्या दिवसांनी एकेकाला तोंडात धरून जागा बदलते आणि शिकारीला जाताना त्यांना तिथेच सोडून जाते. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या माळांवर कॅरेन लॉरेन्सन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या अभ्यासात शंभरातली जेमतेम पाच पिल्लं स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचलेली आढळली. बहुतेक सिंहांच्या तावडीत सापडली होती. सगळीकडे प्रमाण इतकं वाईट नाही, पण चित्त्याचं बालपण किती नाजूक असतं ते यावरून कळतं.

आता आपल्याबद्दल. केनियातल्या मसाई मारा भागात फेमके ब्रुखाउस यांनी चित्त्यांच्या माद्यांचा काही वर्षं माग ठेवला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यटकांची गर्दी कमी असलेल्या भागात एका मादीची सरासरी २.३ पिल्लं मोठी झाली. गर्दीच्या भागात ०.२. गाडीखाली पिल्लू सापडल्याचा पुरावा नव्हता. शिकार बिघडणं, आईचं वागणं बदलणं, अशी अप्रत्यक्ष कारणं असावीत असं त्यांचं अनुमान आहे. हा आकडा वाचल्यापासून पिल्लांचे अगदी जवळून घेतलेले फोटो मला निखळ आनंदाने पाहता येत नाहीत. मुंबई-पुण्याहून, नाशिकहून दरवर्षी कितीतरी मंडळी माराला जातात. वायरलेसवर ‘दुमा’ हा चित्त्यासाठीचा स्वाहिली शब्द ऐकू आला की गाड्या वळतात आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, “अजून थोडं पुढे घ्या.” चालक बिचारा घेतो, कारण त्याची बक्षिसी आपल्याच हातात असते.

माराचे नियम साधे आहेत. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, अंतर निदान पंचवीस मीटर, आणि इतर गाड्या ताटकळत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. पिल्लं असतील तर मी पन्नास मीटरच्या आत जाऊ नये असं म्हणेन, आणि हे फोटोच्या भल्यासाठीही म्हणतोय. उघड्या छतातून कॅमेरा जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर असतो, बसलेल्या चित्त्याचे डोळे पाऊण मीटरवर. दहा मीटरवरून कॅमेरा सुमारे दहा अंश खाली झुकतो आणि पाठीमागे नुसतं गवत येतं. पन्नास मीटरवरून हाच झुकाव जेमतेम दोन अंश उरतो. नजर नजरेला भिडते, मागचा माळ धूसर होऊन दूर सरतो आणि आई कुठल्या जगात राहते ते दिसतं. छत सोडून खिडकीच्या चौकटीवर बीनबॅग ठेवून फोटो घेतलात तर आणखी उत्तम. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स यासाठीच सोबत न्यायची. इंजिन बंद हवं, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते. ऊन चढल्यावर जमिनीतून झळा उठू लागल्या की लांबचा फोटो पाण्यातून घेतल्यासारखा दिसतो. तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा आणि दुर्बीण उचलावी.

लपवलेल्या, दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांच्या जागेकडे जाऊच नये. चालकाला तसं सफारीच्या आदल्या रात्रीच सांगून ठेवावं. आईमागे चालू लागलेली पिल्लं हा खरा विषय. त्यांच्या मानेपासून पाठीवर राखाडी, लांब, विस्कटलेले केस असतात. काही महिन्यांत ते विरळ होत जातात. ह्या आयाळीसाठी सूर्य पिल्लांच्या मागे असावा. केसांच्या कडेने उजेडाची रेघ उमटते आणि प्रत्येक पिल्लू गवतातून सुटं दिसतं. कडा पांढरीफटक होऊ नये म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं. आई आणि तीन पिल्लं एकाच फोटोत स्पष्ट हवी असतील तर एफ ८ ला कचरू नये. चौघं कधीच एका रेषेत बसत नाहीत.

आई वारुळावर चढून एकाच दिशेने रोखून पाहू लागली, कुशी आत गेलेल्या दिसल्या, की ती भुकेली आहे आणि सावज शोधतेय. हीच गाडी न हलवण्याची वेळ. ती दबा धरून निघते तेव्हा पिल्लं मागे थांबतात. आई, पिल्लं आणि सावज यांच्यामध्ये कुठेही गाडी नको. गॅझेलने मान वर केली तरी शिकार हुकते, आणि त्या दिवशी पिल्लं उपाशी राहू शकतात.

धावण्याबद्दलही एक गैरसमज आहे. ॲलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी बोट्सवानात चित्त्यांच्या गळ्यात यंत्रं बसवून शेकडो धावा मोजल्या आणि २०१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर, पण सरासरी धाव १७३ मीटरचीच, आणि बहुतेक धावांत वेग त्याहून पुष्कळ कमी. चित्त्याची खरी करामत अचानक वेग घेण्यात, तोडण्यात आणि वळण्यात आहे. म्हणून सरळ धावेच्या मागे लागण्यापेक्षा वळणाची वाट पाहावी. शेपटी एका बाजूला फेकली जाते, पंजे जमीन खरवडतात, धुळीचा लोट उठतो. शटर १/२५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि चौकट जरा सैल, नाहीतर शेपटी कापली जाते.

शिकार पडल्यावर गाड्यांची झुंबड उडते, आणि मला सगळ्यात जास्त वाईट इथे वाटतं. धापा टाकणारी आई लगेच खात नाही. ती आधी चहूकडे पाहते, मग पक्ष्यासारख्या चिवचिवाटाने पिल्लांना बोलावते. तो हलका आवाज पिल्लांपर्यंत पोचायला हवा आणि तिला तरसाची चाहूल लागायला हवी. गाडी जिथे असेल तिथेच राहू द्या. पिल्लं धावत येतील, जेवतील, तोंडं लाल करून एकमेकांना चाटतील, आणि पोट भरल्यावर आईच्या पाठीवर उड्या मारतील. पन्नास मीटरवरून ते सगळं मिळतं.

कधी कधी वयात येत असलेले चित्ते गाडीच्या टपावरच चढून बसतात. मारामधली मलैका ही मादी गाड्यांचा टेहळणीसाठी वापर करण्याबद्दल प्रसिद्ध होती. असं घडलं तर हात लावू नये, फोन पुढे करू नये, तो आपणहून उतरेपर्यंत शांत बसावं. त्याला गाडीकडे बोलावणं तर कधीच नको.

पुढच्या लेखांकात : सेरेंगेटीच्या दक्षिणेकडचा न्दुतूचा आखूड गवताचा माळ, तिथला फेब्रुवारीचा उजेड आणि धुळीपासून कॅमेरा कसा वाचवायचा.