नेमबाजीची जुनी रिव्हॉल्व्हर्स : संग्रह आणि संशोधन

जुन्या शस्त्रांचा विचार बहुधा युद्धाच्या संदर्भात केला जातो. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केवळ कागदी लक्ष्यावर नेम साधण्यासाठी जी रिव्हॉल्व्हर्स निर्माण झाली, त्यांचा इतिहास निराळा आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीच्या एका रिव्हॉल्व्हरच्या आधारे, अशा वस्तूकडे पुरावा म्हणून कसे पाहावे याचा विचार केला आहे.

या कंपनीचे ‘न्यू मॉडेल नंबर थ्री’ हे रिव्हॉल्व्हर १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे तयार होऊ लागले. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा खास नेमबाजीचा प्रकार आला. त्यातील ‘.३२-४४’ हे नाव प्रथमदर्शनी कोड्यात टाकते. त्याचा अर्थ इतकाच, की .४४ च्या वजनदार सांगाड्यावर .३२ ची नळी बसविली आहे. जड सांगाडा आणि हलके काडतूस यांमुळे हाताला धक्का कमी बसतो. या काडतुसातील शिशाची गोळी पूर्णपणे आवरणाच्या आत बसविलेली असे. ‘.३८-४४’ धरून या प्रकाराची जेमतेम चार हजारांवर रिव्हॉल्व्हर्स निघाली. म्हणूनच संग्राहकांत त्यांना मोल आहे.

मोल आले की बनावटही येते. अभ्यासक प्रथम मुठीच्या तळाशी कोरलेला अनुक्रमांक पाहतो आणि तोच सिलिंडरवर व नळीच्या खिटीवर आहे का, हे ताडून पाहतो. त्यानंतर मुलामा. जुन्या पृष्ठभागावर नव्याने पॉलिश केले, की कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात. कारखान्यातील निकेलचा मुलामा घोडा व चाप यांवर सहसा नसे. तेही लखलखत असतील तर मुलामा नंतरचा असल्याचा संशय घ्यावा. अशा चकाकीला भुलून अधिक पैसे मोजणारे पुष्कळ असतात. वस्तुतः तेथे पुरावाच घासून गेलेला असतो. उलट, मूळ मालकाने बदललेली माशी किंवा हलका करून घेतलेला चाप यांना दोष मानणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. नेमबाज आपले हत्यार स्वतःच्या हाताला जुळवून घेतच असे, आणि बदल त्या काळातलाच असेल तर तो त्या वापराचा दाखला होय.

कागदोपत्री पुरावा कारखान्याच्या नोंदवह्यांतून मिळतो. त्यांच्या आधारे दिल्या जाणाऱ्या पत्रात मूळ मुलामा, नळीची लांबी आणि माल रवाना झाल्याची तारीख असते. येथे एक कायदेशीर पेच आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार १८९८ पर्यंत निर्माण झालेले रिव्हॉल्व्हर ‘पुरातन’ ठरते. पत्रात मात्र निर्मितीची नव्हे, रवानगीची तारीख असते. तयार माल गोदामात वर्षानुवर्षे पडून राहणे शक्य होते. त्यामुळे १९०२ ची तारीख आली, एवढ्यावरून रिव्हॉल्व्हर १८९८ नंतरचे ठरत नाही.

शिवाय माल बहुधा घाऊक व्यापाऱ्याच्या नावे जाई. प्रत्यक्ष नेमबाजाचे नाव पत्रात क्वचितच सापडते. त्यासाठी तत्कालीन छापील साहित्याकडे वळावे लागते. ए. सी. गूल्ड यांचा अमेरिकी पिस्तूल व रिव्हॉल्व्हरवरील ग्रंथ १८८८ चा, तर इंग्लंडमध्ये राहून स्मिथ अँड वेसन वापरणारे वॉल्टर विनान्स यांचा रिव्हॉल्व्हर-नेमबाजीवरील ग्रंथ १९०१ चा आहे. तत्कालीन नेमबाजांची नावे आणि त्यांच्या पसंतीची हत्यारे अशा ग्रंथांतून कळतात. मुठीवर आद्याक्षरे कोरलेली असल्यास ती या नावांशी ताडून पाहता येतात.