संकेतस्थळाचे बिऱ्हाड: घरचे की भाड्याचे?

१९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर आपल्या नेक्स्ट संगणकावर चालविला. कोणी तो बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईत तशी सूचना लिहून डकविली होती. घरच्या सर्व्हरची अर्धी कथा त्या चिठ्ठीतच आहे, असे आम्हाला वाटते.

लिनक्स व अपाचे ही साधने मोफत आहेत. माळ्यावरचा जुना संगणकही त्यांच्या बळावर संकेतस्थळ चालवू शकतो. मग एखाद्या मंडळाने होस्टिंग कंपनीला दरवर्षी पैसे का मोजावेत, ही शंका रास्तच आहे.

खरी अडचण पत्त्याची. घरगुती जोडणीचा आयपी पत्ता बहुधा बदलत राहतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला; त्यामुळे अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. चाळीला एकच टपालपेटी असावी, तसा हा प्रकार. आपण पाठविलेल्या पत्राचे उत्तर आपल्याला मिळते, परंतु अनोळखी माणसाने आपणहून धाडलेले पत्र कोणत्या खोलीत द्यावे हे पेटीला कळत नाही. आणि संकेतस्थळाचा वाचक हा तर असा अनोळखीच! काही कंपन्या जादा शुल्क घेऊन कायमचा पत्ता देतात, सर्वच नव्हे.

विजेचाही हिशेब करावा. ८० वॅटचा संगणक अहोरात्र चालला तर वर्षाला सुमारे ७०० युनिट जळतात. साध्या होस्टिंगचे शुल्क बहुधा याहून स्वस्त पडते. पावसाळ्यात वीज गेली की स्थळही बंद. शिवाय बाहेरच्यांसाठी दार उघडले की परकी यंत्रे परवलीचे शब्द चाचपडू लागतात, आणि त्याच दाराआड घरातील इतर संगणकही असतात.

म्हणून आम्ही भाड्याच्या जागेच्या बाजूचे आहोत, पण डोळे मिटून नव्हे. याहूने जिओसिटीज ही मोफत सेवा अमेरिकेत २००९ मध्ये बंद केली, तेव्हा असंख्य लोकांची पाने बेघर झाली. डोमेन नाव संस्थेच्याच नावे नोंदवावे. स्थळ बनवून देणाऱ्या उत्साही तरुणाच्या नावे नको, तो उद्या परदेशी गेला तर नूतनीकरणाची सूचना कोणाला येणार? माळ्यावरचा संगणकही मोडीत काढू नये. महिन्यातून एकदा स्थळाची संपूर्ण प्रत त्यावर उतरवावी आणि ती उघडते की नाही, हे तेव्हाच पाहून घ्यावे.