चुना, हळद आणि खतातील नत्र

खताचे पोते शेतात रिकामे केले म्हणजे त्यातील सर्व नत्र पिकास मिळाले, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यातील काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत निघून जाऊ शकतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. परंतु चुना व हळद यांच्या साह्याने त्याची खात्री घरच्या घरी करून घेता येते.

प्रयोग

हळद पाण्यात कालवून तिचा लेप पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्यांवर द्यावा व त्या वाळवाव्यात. झाकणाच्या दोन टाकाऊ काचेच्या बरण्या घ्याव्यात. दोहोंत एकेक चमचा ओला चुना घालावा. पट्ट्या किंचित ओल्या करून झाकणांच्या आतील बाजूस चिकटवाव्यात. त्या चुन्यास लागता कामा नयेत. नंतर एकाच बरणीत चमचाभर डीएपी खत मिसळून दोन्ही झाकणे लावावीत. थोड्याच वेळात खताच्या बरणीतील पट्टी तांबूस होते. दुसरी पिवळीच राहते.

हळद व चुना यांच्या संयोगाने लाल रंग येतो, हे घरोघरी ठाऊक आहे. येथे मात्र चुन्याचा स्पर्श न होता केवळ वायूमुळे तोच पालट होतो. चुन्याने खतातील अमोनिया मोकळा केला, हा त्याचा अर्थ.

चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, बरणी नाकाशी धरू नये व ती पुन्हा स्वयंपाकघरात वापरू नये.

शेतातील उपयोग

डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात १८ टक्के, म्हणजे ९ किलो नत्र असते. असे खत चुना किंवा लाकडाची राख यांत मिसळून ठेवल्यास बरणीतील क्रियाच पोत्यात घडते. चुनखडीयुक्त जमिनीवर ते उघडे पसरल्यासही नत्राची हानी होते. म्हणून खत पेरून द्यावे व मातीआड करावे.

युरियाची पट्टी लगेच तांबडी होत नाही; म्हणून तो बनावट ठरत नाही. जमिनीतील युरिएज नावाच्या विकरामुळे काही दिवसांत त्याचा अमोनिया बनतो. त्यामुळे युरियाही ओलसर जमिनीवर उघडा टाकून ठेवू नये. तो मातीत मिसळावा अथवा लगेच हलके पाणी द्यावे.

प्रयोगाची मर्यादा

पट्टी तांबडी झाली म्हणजे खतात अमोनियारूप नत्र आहे, एवढेच सिद्ध होते. ते किती आहे आणि स्फुरद पुरेसे आहे किंवा नाही, हे प्रयोगशाळेतच कळते. संशय आल्यास पावती व पोते जपून ठेवावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये नमुना घेण्याचा अधिकार खत निरीक्षकास आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग पेरणीपूर्वी गावसभेत करून दाखवावा. विकत घेतलेले नत्र हवेस द्यावयाचे की पिकास, हे शेतकऱ्यास त्या पट्टीवरून सहज उमगेल.