लतादीदींनी कव्हर अल्बम का केला?

हेडफोन लावलेत ना? डोंबिवली फास्टच्या दारात असाल तर आधी आत सरका, मग ऐका. आजचा विषय आहे कव्हर साँग.

'कव्हर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक रील येतं. मागे दिव्यांची माळ, हातात गिटार, आणि गाणं कुणाचंतरी गाजलेलं. म्हणजे नवख्या माणसाने ओळख मिळवायला करायची गोष्ट. मग हे बघा : १९९२ साली, साठी उलटलेल्या लता मंगेशकरांनी एक अख्खा कव्हर अल्बम केला. नाव 'श्रद्धांजली', कंपनी एचएमव्ही. कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, मुकेश, मोहम्मद रफी, हेमंतकुमार, किशोरकुमार या सगळ्यांची गाणी दीदींच्या आवाजात. त्यांना ओळख मिळवायची होती का? छे! १९४२ पासून त्या गात होत्या. मग कशासाठी?

यादी पुन्हा वाचा. हे सगळे तोपर्यंत गेलेले होते. सैगल १९४७ मध्ये, किशोरकुमार १९८७ मध्ये, हेमंतकुमार १९८९ मध्ये. आणि प्रत्येक नावामागे दीदींचा काहीतरी हिशेब राहिलेला आहे.

सैगल म्हणजे त्यांचं लहानपणापासूनचं दैवत. दीदी सांगायच्या की हौसेने रेडिओ घेतला आणि त्यावर सैगल गेल्याची बातमी ऐकू आली, म्हणून तो रेडिओच परत करून टाकला. सैगलसोबत गायचं राहून गेलं ते गेलंच. मुकेश १९७६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला गेले, ते दीदींसोबतच्याच दौऱ्यात. आणि रफीसाहेब? साठच्या दशकात या दोघांचं रॉयल्टीवरून बिनसलं होतं. दीदींचं म्हणणं, गाणं विकलं जातंय तोवर गाणाऱ्यालाही वाटा मिळावा. रफींचं मत, ठरलेले पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, नंतर समेट झाला. त्या माणसाची गाणी पुढे दीदी स्वतः गातात, आणि अल्बममध्ये या कलाकारांबद्दल स्वतःच्या आवाजात बोलतातही. म्हणूनच हा अल्बम मला गाण्यांच्या यादीपेक्षा पत्रांच्या गठ्ठ्यासारखा वाटतो.

आता जरा तांत्रिक. पुरुषाचं गाणं बाईने गायचं म्हणजे पहिला प्रश्न पट्टीचा. समजा मूळ गाणं काळी एकमध्ये आहे आणि गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे सात सेमीटोन वर. कराओके अॅपमध्ये हे एका बटणाचं काम आहे, पण ट्रॅक तेवढा ओढला की वाद्यं चिरकायला लागतात. स्टुडिओत हे असं चालत नाही. वाद्यमेळ नव्या पट्टीत पुन्हा बसवावा लागतो, कारण खर्जात भारदस्त वाटणारी जागा वर गेली की तिचा रंगच बदलतो.

दुसरा प्रश्न वयाचा. वय वाढतं तशी स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, दम आखूड होतो, लांब सूर किंचित हलतो. वीस वर्षांच्या लताचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना हा फरक लगेच कळतो. पण इथे तो अंगावर येत नाही. ज्यांची आठवण काढायची त्यांच्यासारखंच आपलंही वय झालंय, हे त्या आवाजातच आहे. ते विशीतल्या गळ्यातून येणार नाही.

अमेरिकेत याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे कंट्री गायक जॉनी कॅश. २००२ मध्ये, सत्तरीत, त्याने 'हर्ट' गायलं. मूळ गाणं नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं, १९९४ चं, तरुण माणसाने लिहिलेलं. कॅशने ते थकलेल्या आवाजात गायलं आणि गाण्याचं वयच बदललं. पुढच्याच वर्षी तो गेला.

आता पैशांचं बोलू, कारण आपल्यातले बरेच जण कव्हर अपलोड करतात. आमच्या भाषेत सांगायचं तर गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, हा सोर्स कोड आणि रेकॉर्डिंग म्हणजे त्याचा एक बिल्ड. दोन्हींचे हक्क वेगळे. कव्हर करताना तुम्ही नवा बिल्ड करता, पण सोर्स दुसऱ्याचाच असतो. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने याच वाटेने जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटवर घरोघरी पोचवली. २०१२ च्या दुरुस्तीने नियम कडक झाले. हक्कदाराच्या संमतीशिवाय, कायद्यातल्या सोयीने कव्हर काढायचं तर मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि मूळ गायकाचं नाव किंवा फोटो लावून ऐकणाऱ्याला फसवायचं नाही. यूट्यूबवर कंपन्या आणि प्लॅटफॉर्म यांचे आपसातले करार असतात, म्हणून तुमचा व्हिडिओ राहतो पण जाहिरातीचे पैसे बऱ्याचदा हक्कदाराकडे जातात.

आणि गंमत बघा, त्याच दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी गायकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. दीदींनी साठच्या दशकात ज्यासाठी भांडण ओढवून घेतलं, ते कायद्यात यायला पन्नास वर्षं लागली.

मग कव्हर आणि नक्कल यात फरक काय? २०१९ मध्ये दीदींनीच तरुण गायकांना सांगितलं होतं की नकलेच्या जोरावर मिळालेलं यश टिकत नाही, आमची गाणी जरूर गा, पण पुढे आपलं गाणं शोधा. 'श्रद्धांजली' करणारी बाई हे सांगते, यात मला विसंगती वाटत नाही. त्यांनी सैगलांचा आवाज काढला नाही. सैगलांचं गाणं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वयात गायलं.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनपासून डोंबिवलीच्या फुले कलामंदिरापर्यंत आपल्याकडे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम सतत होतात. पुढच्या वेळी गेलात तर 'अगदी रफीच वाटला' एवढ्यावर दाद थांबवू नका. हा माणूस हे गाणं आज का गातोय, ते ऐकू येतंय का बघा. घरी आईबाबा कराओकेवर गात असतील तर तिथेही हेच करा. त्यांचा सूर हलतो म्हणून हसण्याआधी एक कडवं पूर्ण ऐका.

चला, 'श्रद्धांजली' डाउनलोड करून ठेवा, मुंब्र्याच्या बोगद्यात रेंज जाते. पुढच्या भागात भेटू!