मला काय धाड भरलीय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात होते. गेल्या वर्षीचा मार्च महिना. आमच्या थोरल्या बंधूंच्या डाव्या हाताची बोटे एकाएकी बधिर झाली आणि मुठीतली हळकुंडे खाली पडली. त्यांनी ती उजव्या हाताने गोळा केली, पोत्यावर बसले आणि सौदे आटोपेपर्यंत बसूनच राहिले. तोंड किंचित वाकडे झाल्याचे एका हमालाच्या ध्यानात आले. ‘अण्णा, दवाखान्यात चला,’ असे तो दोनदा म्हणाला. अण्णांनी उत्तर दिले, ‘मला काय धाड भरलीय?’

तो पक्षाघात होता. अशा वेळी रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अण्णांचे त्यातले तीन तास सौद्यातच गेले होते. सुदैवाने औषध मिळाले, अण्णा वाचले. डाव्या हाताने सदऱ्याची बटणे मात्र अद्याप लागत नाहीत.

पुढे घरी कागदपत्रे शोधताना दुचाकीच्या डिकीत दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी सापडली. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. महिनाभर घेऊन अण्णांनी त्या बंद केल्या होत्या, कारण काय, तर ‘आकडा बरोबर आला’. तो गोळीमुळेच बरोबर आला होता, हे त्यांच्या गावीही नव्हते. आणि याच गृहस्थांनी वहिनींच्या थायरॉईडचे सर्व अहवाल तारीखवार लावून फाईलमध्ये जपले होते! ट्रॅक्टरचे ऑईल किती तास चालल्यावर बदलायचे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. स्वतःचा रक्तदाब किती, हे ठाऊक नव्हते.

याला अडाणीपणा म्हणावे, तर अण्णा पदवीधर आहेत. बेफिकिरी म्हणावे, तर इतका काळजीवाहू माणूस आमच्या घराण्यात दुसरा नाही. मग हे काय आहे, या प्रश्नाने मला पछाडले. केशकर्तनालयात, कृष्णेच्या घाटावर, सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत मी जवळच्या पुरुषांना विचारू लागलो, की पुरुषासारखा पुरुष म्हणजे आपल्या मते कोण? मला वाटले होते, ताकद, धाडस, मिशीचा पीळ यांचे वर्णन ऐकावे लागेल. तसे कोणीच बोलले नाही. ‘कोणापुढे हात पसरत नाही तो,’ असे एक शिक्षक म्हणाले. ‘ज्याच्या जिवावर घर बिनघोर झोपते तो,’ हे एका उसाच्या शेतकऱ्याचे उत्तर. एक निवृत्त कारकून बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘जो कोणाला भार होत नाही.’

या उत्तरांत मला अण्णांची चिठ्ठी दिसली. ज्याचा पुरुषार्थ भार न होण्यात आहे, त्याला आजारपण कर्जासारखे वाटते, आणि कर्ज कोण चारचौघांत सांगतो? आपण ज्याला निधडेपणा समजतो तो पुष्कळदा धाकच असतो: दुकान कोण उघडील, मुलीच्या शिक्षणाचे काय होईल, असा. आपणही त्याला खतपाणी घालतो. ‘आमचे बाबा कधी आजारी पडत नाहीत’ असे कौतुकाने सांगणारी मुले मीही वाढवली आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी 24 टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधांवर असलेला आढळला. स्त्रियांत हे प्रमाण 21.3 टक्के होते. तंबाखूचे प्रमाण पुरुषांत 38 टक्के, स्त्रियांत सुमारे 9. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी. जे दुखत नाही त्याची तक्रार करणे अण्णांसारख्यांना शोभत नाही.

मनाच्या दुखण्याचे तर नावच नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे 2022 साली देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली. त्यांत 1,22,724 पुरुष होते. घाटावरच्या त्या कारकुनांनी निवृत्तीनंतरचे आठ महिने झोपेविना काढले आणि पत्नीला सांगितले ते एवढेच, की पित्त झाले आहे. 14416 या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतही बोलता येते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी क्रमांक लिहून घेतला, पण ‘मित्रासाठी’ म्हणून. मी हो म्हटले.

‘पुरुषांनी मोकळेपणी रडावे’ असा उपदेश हल्ली फार ऐकू येतो. चांगला आहे, पण समोर बसवून ‘मन मोकळे करा’ म्हटले की आमच्याकडची माणसे उठून जातात. तीच माणसे पोती मोजताना किंवा मोटार दुरुस्त करताना, नजर कामावर ठेवून, बरेच काही बोलून जातात.

अण्णांनी आता रक्तदाब मोजण्याचे यंत्र अडत दुकानात, तराजूशेजारी ठेवले आहे. शनिवारी सौदे आटोपले की शेजारचे दोघे अडते येतात, दंड पुढे करतात आणि आकडे हळदीच्या दरासारखे मोठ्याने वाचतात. मागच्या महिन्यात त्या हमालानेही हात पुढे केला. यंत्राचा पट्टा त्याच्या दंडाला पुरेना. आखूड पट्ट्याने आकडा खोटाच जास्त दिसतो, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर अण्णांनी मोठा पट्टा मागवला. तो लावून आकडा आला 164/102. ‘मला काय धाड...’ असे तो म्हणू लागला आणि अण्णांच्या डाव्या हाताकडे पाहून थांबला.

सोमवारी सौदे सुरू होण्यापूर्वी अण्णा त्याला घेऊन दवाखान्यात गेले.