गोगलगाईचा चकवा

पडद्यावर निमिषभर झळकून जाणाऱ्या काळ्या-लाल अक्षरपाट्यांबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. खालापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न चार दिवस मनातून जात नाहीये. ‘बाकेमोनोगातारी’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या तिसऱ्या ते पाचव्या भागात त्या पाठीवर भलंमोठं दप्तर घेतलेल्या मायोइ नावाच्या मुलीला ‘हरवलेली गाय’ म्हणतात. पण गाय कुठे आहे?

आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन सापडावी. जपानी लिपीत गोगलगाय लिहायला दोन चित्राक्षरं लागतात, आणि त्यांतलं दुसरं असतं गुराचं. आपल्या ‘गोगलगाय’ शब्दाच्या शेवटीही गायच बसली आहे! इंग्रजी सबटायटलवर विसंबणाऱ्याला हा दुवा लागत नाही. आपल्याला मात्र तो आयता मिळतो. पावसाळ्यात कर्जतच्या भाताच्या बांधावरून चालताना पायाखाली येऊ नये म्हणून जपतो, तीच ही गाय. मूळ कादंबरीकार निसिओ इसिन यांचं टोपणनाव रोमन लिपीत उलट-सुलट सारखंच वाचता येतं. असा माणूस शब्द उगाच वापरत नाही.

आता ती करते काय ते बघा. तिच्या मागे जाणारा कितीही चालला तरी मुक्कामाला पोचत नाही. याला आपल्याकडे नाव आहे: चकवा. खांडसकडून भीमाशंकरला जाणाऱ्या वाटांच्या गप्पा रंगल्या की ते निघतंच. ओळखीचं रान, पायाखालची वाट, तरी माणूस रात्रभर त्याच झाडापाशी परत येतो. उपाय एकच, उजाडेपर्यंत बसून राहायचं.

पण आपला चकवा कोणालाही लागतो. ही गोगलगाय भेटते फक्त घरी जायचं नसलेल्याला. कथेचा नायक आरारागी मातृदिनाच्या दिवशी बहिणींशी भांडून बागेत येऊन बसलाय, म्हणून त्याला ती दिसते. शेजारच्या, त्याच्याच वर्गातल्या सेन्जोगाहाराला ती दिसतच नाही! तरी सेन्जोगाहारा तसं बोलत नाही. आपल्यातच काही खोट असेल असं तिला वाटतं. आधीच्या भागांतल्या खेकड्याने जिचं वजन नेलं होतं, तिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा कसा राहणार? सगळी कथा बोलण्यातून पुढे सरकते, आणि या तीन भागांतलं सर्वांत मोठं दुःख मात्र न बोललेल्या एका वाक्यात आहे.

दिग्दर्शक शिनबो आणि ओइशी यांनी शाफ्ट स्टुडिओत २००९ मध्ये हे चितारताना रस्त्यावर एकही वाटसरू ठेवला नाही. नुसत्या पाट्या, रिकामे चौक. चकवा लागलेल्याला जग असंच दिसत असणार.

सुटकेचा उपाय खालापूरकरांना लगेच पटेल. मायोइ खरं तर कधीच मेलेली, आणि मेलेल्या मुलीला जुन्या वाटाच ठाऊक. म्हणून अशा भुताखेतांचा जाणकार ओशिनो सांगतो, नव्याने झालेल्या रस्त्यांनी जा. आपल्याकडे द्रुतगती महामार्ग झाल्यावर वर्षांनी गावी परतलेला माणूसही वळणावर थबकतोच. इथे तोच बदल उपयोगी पडतो. शेवटी ते पोचतात तेव्हा मायोइला जिथे जायचं होतं त्या तिच्या आईच्या घराच्या जागी मोकळी जमीन असते. तरी मायोइ घरात शिरताना म्हणायचा शब्द म्हणते. आपण उंबऱ्यातून ‘आई, आले गं’ म्हणतो, तसा.

या भागांचं सुरुवातीचं गाणं मायोइला आवाज देणाऱ्या एमिरी कातो यांनीच गायलंय. त्याचं नाव ‘काएरिमिची’, म्हणजे परतीची वाट. ताई, तिसरा भाग पुन्हा लावा आणि या वेळी मायोइकडे न बघता फक्त सेन्जोगाहाराकडे बघा. अक्षरपाट्या पुढच्या आठवड्यात.