खडबडीत सालीआडची गोडी : ‘ॲशमीड्स कर्नल’

सफरचंद म्हटले की लालबुंद, तुकतुकीत फळ डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधील ‘ॲशमीड्स कर्नल’ या कल्पनेत मुळीच बसत नाही. किंचित चपट्या, हिरवट-पिवळ्या फळावर करड्या-तपकिरी रंगाचा खरखरीत थर असतो. तरीही नुसते कापून खाण्याच्या सफरचंदांत जाणकार त्याला फार वरचे स्थान देतात.

नावातील ‘कर्नल’ हा लष्करी हुद्दा नव्हे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ बी. सुमारे १७०० साली ग्लॉस्टर येथे ॲशमीड नावाच्या डॉक्टरांनी बियेपासून हे झाड वाढवले, असे मानले जाते.

अशा खरखरीत सालीच्या वाणांना ‘रसेट’ म्हणतात. फळ वाढताना सालीवरील मेणचट आवरणाला सूक्ष्म भेगा पडतात आणि त्याखाली बुचासारख्या पेशींचा थर तयार होतो. गुळगुळीत सालीच्या ‘गोल्डन डिलिशस’वर असे डाग उमटले तर तो दोष ठरतो, रसेटची मात्र तीच ओळख आहे. या सालीतून पाणी लवकर उडते, त्यामुळे साठवणीत फळ सुरकुतते.

ऑक्टोबरमध्ये उतरवलेले हे फळ लगेच खाल्ल्यास फार आंबट लागते. काही आठवडे थंड जागी ठेवल्यावर आंबटपणा निवळतो, गोडी वर येते आणि गरात नासपतीची आठवण करून देणारा सुगंध भरतो. नीट ठेवल्यास ते फेब्रुवारीपर्यंत टिकते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९८१ मध्ये या वाणाला ‘फर्स्ट क्लास सर्टिफिकेट’ दिले.

एवढे गुण असूनही व्यापारी बागांत हे झाड विरळाच दिसते. त्याचे पीक बेभरवशाचे असते. सफरचंदाच्या बहुतेक वाणांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, याच्या पेशीत तीन. त्यामुळे याचे परागकण इतर झाडांच्या फलधारणेसाठी जवळपास निरुपयोगी ठरतात. याला फळ धरण्यासाठी मात्र शेजारी दुसऱ्या वाणाचे झाड लागते. शिवाय दुकानातील गिऱ्हाईक आधी रंग पाहते, चव नंतर.

या वाणाची बी पेरली तर उगवणारे झाड वेगळेच निघते. आजचे प्रत्येक ‘ॲशमीड्स कर्नल’ मूळ झाडाच्या काडीपासून पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कलमांतूनच आले आहे. केंट परगण्यातील ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाचे दोन हजारांहून अधिक वाण याच रीतीने राखले जातात. कलम बांधणारे हात थांबले, तर तीनशे वर्षांची ही चव पुन्हा बियेतून उगवणार नाही.